राजाने लोकांना कशासाठी बोलावले?

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

आपल्या नव्या पॅरिश कौन्सिलची पहिली सभा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर भरणार आहे. नावे जाहीर झाली त्या संध्याकाळी एक गृहस्थ मला भेटायला आले. पूर्वी त्यांनी कौन्सिलवर काम केलेले आहे. ते म्हणाले, "फादर, शेवटी निर्णय तुमचाच असतो. मग आम्हांला बोलावता कशाला?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अनुभव होता. म्हणूनच मला लगेच उत्तर देता आले नाही. चहा झाला, इतर गप्पा झाल्या, ते घरी गेले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. आजचे हे चिंतन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

हा प्रश्न केवळ चर्चपुरता नाही. घरातला कर्ता पुरुष मुलीच्या लग्नाचे बोलणे काढतो, सोसायटीचा सेक्रेटरी सभा बोलावतो, शाळेचे मुख्याध्यापक पालकांना बोलावतात. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने इतरांना विचारावे काय? विचारायचे तर कशासाठी? आणि विचारल्यावर जबाबदारी कोणाची?

पवित्र शास्त्रात शलमोन राजाच्या कारकिर्दीची सुरुवात दोन ठिकाणी सांगितली आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात राजा यज्ञ करण्यासाठी गिबोनला गेला असे आहे. वाचताना वाटते, राजा निघाला आणि गेला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात हीच घटना आहे, पण तिथे राजा एकटा नाही. तो सगळ्या इस्राएलाशी बोलतो. हजारांवरचे आणि शंभरांवरचे सरदार, न्यायाधीश, पुढारी, घराण्यांचे प्रमुख अशी यादीच लेखकाने दिली आहे. मग राजा आणि हा सर्व समुदाय मिळून गिबोनच्या उच्च स्थानी जातात. कराराचा कोश दावीदाने यरुशलेममध्ये आणून ठेवला होता. परंतु मोशेच्या काळातला दर्शनमंडप आणि बसालेलाने बनवलेली पितळेची वेदी गिबोनलाच होती. तिथे हजार होमबली अर्पण होतात. त्याच रात्री देव शलमोनाला दर्शन देऊन म्हणतो, काय हवे ते माग.

एकाच घटनेत हा फरक का असावा? इतिहासाची पुस्तके बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिली गेली. तेव्हा देशावर इराणच्या बादशहाची सत्ता होती. दावीदाच्या सिंहासनावर कोणी नव्हते. उरले होते ते मंदिर आणि मंदिरात जमणारी माणसे. अशा वाचकांना लेखक सांगतो की, आपल्या सर्वांत शहाण्या राजाने राज्याचा आरंभ केला तेव्हा तुमचे वाडवडील त्याच्या बाजूला उभे होते. राजाला मिळालेले शहाणपण लोकांच्या पाठीमागे, गुपचूप मिळालेले नव्हते.

गिबोन हे गाव यरुशलेमच्या वायव्येला, पायी काही तासांच्या अंतरावर होते. आज तिथे अल-जीब नावाचे खेडे आहे. १९५६ पासून जेम्स प्रिचर्ड या अमेरिकन संशोधकाने तिथे उत्खनन केले. तेव्हा गिबोन हे नाव कोरलेले मडक्यांचे कान सापडले आणि खडकात खोदलेली, आत ७९ पायऱ्या उतरत जाणारी एक प्रचंड विहीर सापडली. पण बायबल वाचणाऱ्याला हे गाव आणखी एका गोष्टीसाठी आठवते. यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गिबोनचे लोक फाटके जोडे, ठिगळे लावलेले बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन येतात आणि आम्ही फार दुरून आलो असे सांगतात. इस्राएलाचे पुढारी त्या भाकरी पाहतात, विश्वास ठेवतात आणि शपथ घेऊन करार करतात. तीन दिवसांनी कळते की, ही माणसे तर शेजारचीच आहेत! शास्त्र तिथे स्पष्ट सांगते की पुढाऱ्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नव्हता. ज्या गावामुळे इस्राएलाचे पुढारी न विचारता फसले, त्याच गावी शलमोन पुढाऱ्यांना घेऊन देवाला विचारायला जातो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शलमोनाने त्या पुढाऱ्यांचे मत घेतले, मतदान घेतले, असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. तो त्यांच्याशी बोलला आणि त्यांना घेऊन वेदीकडे गेला, एवढेच आहे. मग त्या मेळाव्याचा उपयोग काय झाला? मला वाटते, त्याचे उत्तर राजाने रात्री जे मागितले त्यात आहे. त्याने धन मागितले नाही, शत्रूचा जीव मागितला नाही, दीर्घायुष्य मागितले नाही. राजांच्या पुस्तकात त्याचे मागणे "ऐकणारे हृदय" असे आहे. मूळ हिब्रू शब्दांचा सरळ अर्थ तोच आहे. आणि हे हृदय कशासाठी? "तुझ्या प्रजेचा" न्याय करण्यासाठी. तो माझी प्रजा म्हणत नाही, देवाची प्रजा म्हणतो. दिवसभर ज्यांच्याबरोबर आपण एकाच वेदीसमोर उभे राहिलो, त्यांना रात्री आपली मालमत्ता समजणे कठीण असते. मेळाव्याने राजाला सल्ला दिला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. पण आपण कोणाच्या लोकांवर राज्य करणार आहोत, याचे भान त्या दिवसाने त्याला दिले असावे.

पण माणसे जमवली म्हणजे शहाणपण आले, असे समजू नका. माणसे जमवण्याचे वाईट प्रकारही बायबलमध्ये पुष्कळ आहेत. त्यांपैकी तीन आपण पाहू.

पहिला अदोनीयाचा. हा शलमोनाचा थोरला भाऊ. दावीद म्हातारा झाला तेव्हा आपणच राजा होणार असे त्याने ठरवले आणि एन-रोगेल इथे मोठी मेजवानी दिली. सगळे भाऊ बोलावले, दरबारी बोलावले, सेनापती यवाब आणि याजक अब्याथार आले. पण नाथान संदेष्टा, बनाया, दावीदाचे शूर वीर आणि शलमोन यांना आमंत्रण नव्हते. ज्यांचे म्हणणे अडचणीचे ठरेल त्यांना वगळून भरवलेली ही सभा होती. तिथे सगळे एकमताने झाले यात नवल काय?

दुसरा रहबामाचा. हा शलमोनाचा मुलगा. त्याला राजा करण्यासाठी सर्व इस्राएल शखेमला जमले. लोक म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू ठेवले, ते हलके कर, आम्ही तुझी सेवा करू. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. त्याने बापाच्या काळातल्या वडीलधाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, आज या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले आणि त्यांनी सांगितलेले कठोर उत्तर लोकांना दिले. वरून पाहिले तर त्याने सगळे रीतसर केले. मुदत घेतली, दोन गटांना विचारले. पण शास्त्र म्हणते की, त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला आधी टाकून दिला आणि मग तरुणांना विचारले. म्हणजे त्याला सल्ला नको होता, दुजोरा हवा होता. तो मिळेपर्यंत तो विचारत राहिला. त्या दिवशी राज्याचे दोन तुकडे झाले आणि ते पुन्हा कधीच जुळले नाहीत.

तिसरा पिलाताचा. संत लूकच्या शुभवर्तमानात पिलात मुख्य याजक, अधिकारी आणि लोक यांना एकत्र बोलावतो. या माणसात मला अपराध आढळला नाही, असे तो त्यांना स्वतः सांगतो. म्हणजे खरे काय ते त्याला ठाऊक होते. तरीही तो लोकांना विचारत राहतो, आणि शेवटी, संत मत्तय सांगतो त्याप्रमाणे, पाणी मागवून हात धुतो. रहबामाला लोकांकडून दुजोरा हवा होता. पिलाताला त्यांच्या खांद्यावर आपले ओझे टाकायचे होते. "लोकांचीच तशी इच्छा होती" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी वापरले आहे. आम्ही धर्मगुरूही वापरतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अ‍ॅरिस्टॉटल वाचावा लागे. त्याचे एक साधे निरीक्षण आहे: मोठ्या बाबतीत आपण इतरांना विचारात सामील करून घेतो, कारण आपल्या एकट्याच्या नजरेवर आपला भरवसा नसतो. संत थॉमस अक्वायनस याने हा विचार पुढे नेला. तो म्हणतो की विवेकाचा संबंध प्रत्यक्ष परिस्थितीशी असतो आणि परिस्थितीच्या बाजू अगणित असतात. एका माणसाला त्या सगळ्या दिसू शकत नाहीत. म्हणून दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हा विवेकाचाच एक भाग आहे. तो केवळ नम्रतेचा अलंकार नव्हे. वर तो असेही सांगतो की, विद्वान आणि अधिकारी माणसांनाही या तयारीतून सूट नाही.

पण त्याच संत थॉमसने विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सल्ला घेणे, निवाडा करणे आणि मग कृतीची आज्ञा देणे. यांतली शेवटची पायरी त्याने मुख्य मानली आहे. सल्ला अनेकांचा घेता येतो. पाऊल मात्र ज्याचे त्यालाच टाकावे लागते. गिबोनच्या कथेत मला हेच दिसते. दिवसा राजाभोवती सगळा समुदाय आहे. रात्री देव बोलतो तेव्हा शलमोन एकटा आहे. "काय हवे ते माग" हा प्रश्न सरदारांना विचारलेला नाही, त्यालाच विचारलेला आहे. दिवसाचा मेळावा टाळून जो थेट रात्रीच्या एकांताकडे जातो तो मनमानी करतो. जो मेळाव्यातच राहतो आणि रात्रीचा एकांत टाळतो तो पिलात होतो.

इथे एक शंका राहते. शलमोनाने बोलावले ते सरदार, न्यायाधीश आणि घराण्यांचे प्रमुख. ज्यांना कुठलेच पद नाही त्यांचे काय? राजांच्या पुस्तकात गिबोनच्या रात्रीनंतर लगेच जी गोष्ट येते ती याच प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. राजासमोर दोन स्त्रिया येतात. दोघी वेश्या, एकाच घरात राहणाऱ्या. एकीचे मूल रात्री मेले आहे, आणि जिवंत मूल माझेच असे दोघी म्हणतात. गिबोनच्या यादीत या दोघींना जागा नव्हती. त्यांचे कुटुंबप्रमुख कोण? त्यांच्या बाजूने साक्ष कोण देणार? आपल्याला तलवारीची गोष्ट लक्षात राहते. परंतु तलवार मागवण्यापूर्वी राजा काय करतो ते पाहा. तो दोघींचे म्हणणे आपल्या तोंडाने पुन्हा सांगतो: ही असे म्हणते, ती तसे म्हणते. निवाड्याच्या आधी त्याने दोघींचे म्हणणे ऐकून घेतल्याची ही खूण आहे. मागितलेले "ऐकणारे हृदय" पहिल्यांदा वापरले गेले ते, ज्यांना मेळाव्याला कोणी बोलावले नसते त्यांच्यासाठी.

मी हे जरा जिव्हारी लागून लिहितो आहे, कारण माझ्याकडून या बाबतीत चूक झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मी रविवारची पहिली मिस्सा साडेपाचऐवजी साडेसहाला ठेवायचे ठरवले. कारणे चांगली होती. पहाटे माणसे कमी येत, गायनमंडळ येत नसे. मी रीतसर सभा बोलावली. तिथे मुद्दा मांडला, कोणी हरकत घेतली नाही, ठराव झाला. त्या सभेत मी एक गोष्ट सांगितली नाही: नव्या वेळांचे पत्रक मी आदल्या दिवशीच छापायला दिले होते.

पुढे पावसाळ्यात आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो असताना एका म्हाताऱ्या बाईंकडे थांबलो. उभ्या आयुष्यात त्यांनी भाजीची पाटी डोक्यावरून उतरवली नव्हती, आता गुडघ्यांनी उतरवली होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फादर, आमची पयली मिस्सा गेली तवापासून आम्हां चौघींचा रविवार गेला." पहाटेची मिस्सा ऐकून त्या सकाळच्या गाडीने बाजार गाठत. साडेसहाची मिस्सा धरली तर गाडी चुकते, आणि गाडी चुकली तर दिवस जातो. मी विचारले, "मावशी, तेव्हाच का नाही सांगितलेत?" त्या हसल्या. "मिटिंगला आम्हांला कोण बोलवणार, फादर? आणि तुमचं तर ठरलं होतं ना?"

त्यांना छापखान्याची गोष्ट ठाऊक नव्हती. तरी त्यांना कळले होते. माणसांना कळते.

त्या दिवसापासून मी स्वतःला विचारत आलो आहे: आधीच ठरवून मग विचारणे, हे असत्य आहे का? माझ्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नव्हता. पण प्रश्न हीसुद्धा एक प्रकारची साक्ष असते. "तुम्हांला काय वाटते?" असे विचारणारा माणूस न बोलता सांगत असतो की, तुमच्या उत्तराने काहीतरी बदलू शकते. ते बदलणार नसेल तर तो प्रश्न खोटा आहे, आणि खोट्या प्रश्नाचे पाप खोट्या उत्तराहून लहान नाही. उलट त्याचा एक जास्तीचा परिणाम होतो: पुढच्या वेळी खरा प्रश्न विचारला तरी लोक गप्प बसतात. ठरलेले असेल तर सरळ "मी असे ठरवले आहे, कारण हे" असे सांगावे. ते कडू असेल, पण खरे असेल. पहिली मिस्सा मी पुन्हा साडेपाचला केली. चौघींपैकी तिघी येऊ लागल्या. चौथ्या मावशी तोपर्यंत अंथरुणावरून उठू शकत नव्हत्या.

ख्रिस्तसभेने हा विषय हलका मानलेला नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमांत असे घातले की, महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे आणि त्यांचे ऐकावे, कारण पुष्कळदा प्रभू सर्वांत धाकट्याला योग्य ते सुचवतो. ऐकून झाल्यावर निर्णय मात्र मठाधिपतीनेच घ्यायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजात सांगितले की, प्रापंचिकांना आपले मत मांडण्याचा हक्क आहे आणि कधी कधी ते त्यांचे कर्तव्यही असते. १९८३ च्या धर्मविधी संहितेने प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची केली. पॅरिश कौन्सिलचे मत मात्र सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे असे तीच संहिता सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेल्या सिनडचा अंतिम दस्तऐवज ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात निर्णयाचा अधिकार बिशपांकडे ठेवला आहे. पण नीट प्रार्थनापूर्वक विचारविनिमयातून जी दिशा पुढे येते तिच्याकडे अधिकाऱ्याला दुर्लक्ष करता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. "केवळ सल्ला" म्हणून बाजूला सारण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

शलमोनाची पुढची कथा मात्र आपल्याला विसरता येत नाही. ज्याने ऐकणारे हृदय मागितले, त्यानेच पुढे ३०,००० इस्राएली वेठीला धरून दर महिन्याला १०,००० याप्रमाणे पाळीपाळीने लबानोनात पाठवले. मंदिर बांधायला ७ वर्षे लागली, स्वतःच्या वाड्याला १३. शखेमला लोकांनी ज्या जोखडाची तक्रार केली ते याच राजाने घातलेले होते. इतकी वर्षे ते त्याच्या कानावर गेले नाही काय? गेले असेल, पण तोपर्यंत ऐकण्याची सवय सुटली असेल. गिबोनची कृपा खरी होती. पण ती एकदाच मागून आयुष्यभर पुरणारी नव्हती. ती दर सभेपूर्वी, दर निर्णयापूर्वी पुन्हा मागावी लागते.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. आम्ही तुम्हांला बोलावतो, कारण तुमचे रस्ते, तुमच्या गल्ल्या, तुमच्या घरातली आजारपणे आणि कर्जे मला वेदीवरून दिसत नाहीत. आम्ही तुम्हांला बोलावतो, कारण तुम्ही माझी प्रजा नाही. तुम्ही देवाची प्रजा आहात आणि मी तुमच्यापैकीच एक आहे. निर्णय शेवटी माझा असेल, कारण त्याचा हिशेब देवापुढे मला द्यायचा आहे. तो चुकला तर "कौन्सिलने ठरवले" असे मी म्हणणार नाही.

कौन्सिलच्या सभासदांना दोन विनंत्या. सभेत येण्यापूर्वी आपल्या समूहातल्या अशा एका घरी जाऊन या, जिथून सभेला कधीच कोणी येत नाही. आणि मला जे ऐकायला आवडेल ते सांगू नका. अशी माणसे रहबामाला पुष्कळ मिळाली.

पुढच्या रविवारी सभेची सुरुवात आपण चर्चमध्ये, वेदीसमोर काही वेळ शांत बसून करू. मग हॉलमध्ये जाऊ. पहिला विषय पुढच्या वर्षीच्या मिस्सांच्या वेळा हा आहे. पत्रक अजून छापायला दिलेले नाही.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू